कंडक्टरचे मनगट

भोसरीतल्या एका लेथच्या शेडमध्ये उभी राहून मी मोबाइलवर माझ्या नव्या बाहुलीपटाची ११ सेकंदांची एक चाचणी दाखवत होते. एक म्हातारी मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडते, एवढेच त्यात होते. लेथ चालवणाऱ्या काकांनी हाताचे तेल चिंधीला पुसले, मोबाइल हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो तुकडा तीनदा पाहिला. मागे कोणाचे तरी ड्रिल चालू होते, त्यामुळे ते काय म्हणाले ते मला पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही. मग त्यांनी तेच वाक्य मोठ्याने सांगितले, "ताई, ही म्हातारी तांदूळ निवडतीय का तिकीट पंच करतीय?" मी हसले, तेही हसले, आणि पुन्हा आपल्या चकात अडकवलेल्या दांड्याकडे वळले. नाशिक फाट्याच्या सिग्नलला गाडी थांबेपर्यंत ते हसू माझ्या चेहऱ्यावर होते. तिथे ते हसू मावळले, कारण त्या म्हातारीच्या आत कोणाचा सांगाडा आहे हे मी काकांना सांगितलेलेच नव्हते.

तो एका एसटी कंडक्टरचा होता.

सहा वर्षांपूर्वी मी चार मिनिटांचा एक स्टॉप-मोशनपट केला होता, म्हणजे पात्र बोटांनी किंचित हलवायचे, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायचे, आणि शेवटी ती सगळी सलग चालवायची. त्यात रात्रीच्या शेवटच्या गाडीचा एक कंडक्टर होता. उंचीने साडेनऊ इंच, खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची पिशवी, डाव्या हातात तिकिटांचा ट्रे आणि उजव्या हातात पितळेचा, उडदाच्या दाण्याहून थोडा मोठा पंच. आता कंडक्टरांच्या हातात यंत्रे आली आणि तो टिक्-टिक् आवाज गाड्यांमधून गेला; पण ज्यांनी तो ऐकला आहे त्यांना आठवेल की कंडक्टर पंच नुसता तिकिटाला मारत नसे. तो रिकामा असतानाही वाजे, दांड्यावर आपटे, बोलण्याच्या मध्ये स्वल्पविरामासारखा येई. माझ्या चित्रपटात दर सेकंदाला १२ छायाचित्रे होती, म्हणजे चार मिनिटांना २८८०. त्यांतल्या निम्म्याहून अधिक छायाचित्रांत त्या कंडक्टरचे उजवे मनगट हलत होते. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांनी कथेबद्दल फारसे काही म्हटले नाही, मनगटाबद्दल मात्र बहुतेकांनी म्हटले.

चित्रपट संपल्यावर कंडक्टर बुटांच्या खोक्यात कपाटावर गेला. यंदाच्या वैशाखात मी त्याला खाली काढले तेव्हा त्याची लॅटेक्सची त्वचा कोपरांपाशी चिकट झाली होती आणि मानेपाशी वाळून तडकली होती. लॅटेक्सचे हेच होते. ते आधी घामेजते आणि मग पापुद्र्यांनी सुटते. खोके उघडताच जुन्या रबरी चपलेचा आणि डांबरगोळीचा मिसळलेला वास आला. मी आधी शर्ट उतरवला. तो माझ्या आईने जुन्या विजारीच्या खिशाच्या आतल्या कापडाचा शिवला होता आणि त्याची बटणे म्हणजे मोहरीएवढे काळे मणी होते. शर्ट घडी करून बाजूला ठेवला. मग डोळे काढले, तेही मणीच. त्यांच्या भोकात टाचणी घालून नजर फिरवावी लागते. मग पाठीच्या मधोमध ब्लेड फिरवले. आत गादीचा पिवळा पडलेला स्पंज होता, तो चिमटीत येताच भुगा होऊन टेबलावर सांडला, आणि त्या भुग्यातून सांगाडा मात्र परवा बसवल्यासारखा चकचकीत बाहेर आला. अशा वेळी लोक दुःख झाल्याचे लिहितात, मला तसे लिहिता येणार नाही. मला त्या क्षणी हाव सुटली होती. घोटे दोन, गुडघे दोन, खुबे दोन, कण्यात तीन, खांदे, कोपरे, मनगटे आणि मानेत दोन, असे १७ सांधे मी मोजले, आणि १७ सांधे नव्याने करून घ्यायला किती आठवडे आणि किती पैसे लागले असते याचा हिशोब हात धुण्याआधीच मनात करून टाकला.

कंडक्टरच्या आधीची माझी सगळी पात्रे तारेची होती. ॲल्युमिनियमच्या तारेचे दोन पदर ड्रिल मशीनमध्ये अडकवून पिळायचे, त्याची माणसाची आकृती वळायची, मांडी-नडगी-दंड या जागी एम-सीलचे गोळे लावून हाडे करायची, म्हणजे वळण फक्त सांध्याच्या जागी राहते. स्वस्त काम, एका संध्याकाळचे. पण तार वाकून वाकून आतल्या आत थकते. ती तुटते तेव्हा आवाज होत नाही, बाहेरून काही दिसत नाही. पात्र उभे केले तर गुडघ्यात मिटते, पुन्हा उभे केले तर पुन्हा मिटते, आणि मग कळते. एकदा दोन दिवस चाललेल्या एका दृश्याच्या शेवटच्या तीन सेकंदांत असे झाले. कातडी न फाडता गुडघा दुरुस्त होत नाही, आणि फाडून शिवलेला पाय आधीच्या छायाचित्रातल्या पायाशी जुळत नाही. ते दृश्य मी टाकून दिले आणि गोळी-खोबणीच्या सांध्यांच्या मागे लागले. परदेशी तयार संच परवडणारे नव्हते, म्हणून वहीत आकृती काढून शेड-शेड फिरले. यंत्रांसाठी पिना आणि बुश करणाऱ्या त्या काकांनी आकृती पाहून आधी "एवढ्या बारक्या कामाला वेळ कुणाला आहे" असे म्हटले आणि मग जेवणाच्या सुट्टीत बसून काम केले.

सांधा समजायला सोपा आहे. दांड्याच्या टोकाला पोलादी गोळी, दोन चपट्या पट्ट्यांना समोरासमोर भोके, त्या भोकांच्या कडांमध्ये गोळी धरलेली, आणि दोन्ही पट्ट्यांना आवळणारा मधोमध एक स्क्रू. स्क्रू ॲलन कीने पाव आटा फिरवला की सांध्याचा स्वभाव बदलतो. तो बोटाने हलला पाहिजे आणि बोट काढल्यावर जिथे सोडला तिथेच राहिला पाहिजे. पिशवीच्या वजनाने खांदा हळूहळू ढळला तर रात्रीचे काम सकाळी वाया जाते. गोळ्या म्हणून आम्ही बेअरिंगचे छर्रे घेतले आणि तिथेच पहिला फटका बसला. छर्रे इतके कडक की दोन ड्रिल बिट तुटले तरी ओरखडा उमटला नाही. तेव्हा काकांनी एका पत्र्यावर छर्रे ठेवून त्यांना ज्योतीने लाल केले आणि डब्यातल्या राखेत पुरून ठेवले. पोलाद सावकाश गार झाले की मऊ पडते. दुसऱ्या दिवशी राखेतून काढलेले ते काळवंडलेले छर्रे ड्रिलखाली निमूटपणे भोक पाडून घेऊ लागले. तीन मिलिमीटरच्या दांड्यांना ते ब्रेझिंगने, म्हणजे पितळेचा डाग देऊन, जोडले. पट्ट्या पितळेच्या केल्या, कारण पितळ कापायला सोपे आणि त्या दिवशी शेडमध्ये त्याचाच तुकडा पडलेला होता. पहिला सांधा तयार झाल्यावर काकांनी तो कानाजवळ धरून नखाने हलवला, घड्याळजी पूर्वी घड्याळ ऐकत असत तसा.

जुना सांगाडा काढून त्यावर नवे पात्र चढवणे ही माझीच गरिबी आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत असे, आणि त्याचा थोडा संकोचही होता. मग कळले की या कामात ही चाल पहिल्यापासूनची आहे. 'किंग काँग' मार्च १९३३मध्ये आला. मार्सेल डेलगाडो यांनी बांधलेला त्यातला १८ इंची वानर म्हणजे आत पोलादी सांगाडा, त्यावर रबर आणि कापूस, आणि वर सशाची फर. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'सन ऑफ काँग' आला, आणि त्यातल्या मुलासाठी बापाच्याच सांगाड्यांपैकी एकाचे मांस काढून नवे चढवण्यात आले. बापाच्या हाडांवर मुलगा, आणि मधे जेमतेम नऊ महिने! लेखकाने सुचवले असते तर कोणी पटवून घेतले नसते. स्टॉप-मोशनचे उस्ताद रे हॅरीहाउझन यांनी १९५७च्या '२० मिलियन माइल्स टू अर्थ'मधल्या शुक्रावरून आलेल्या प्राण्याचा सांगाडा पुढच्याच वर्षी सिंदबादच्या चित्रपटातल्या एकाक्ष राक्षसाला दिला. त्याच सिंदबादपटात तलवार चालवणारा हाडांचा सापळा १९६३च्या 'जेसन अँड द अर्गोनॉट्स'मध्ये पुन्हा उभा राहिला, या वेळी सात जणांच्या टोळीत. तीन माणसे आणि सात सापळे यांच्या त्या लढाईला साडेचार महिने लागले, कारण दिवसाला सरासरी १३ फ्रेम होत. हॅरीहाउझन यांचे सांगाडे त्यांचे वडील लेथवर करून देत आणि पात्रांचे कपडे आई शिवून देई. मुलगा लंडनला राहायला गेल्यावरही म्हातारे वडील कॅलिफोर्नियातून पोलादी सांधे पाठवत राहिले. हे वाचले तेव्हा मला सात सापळ्यांपेक्षा त्या टपालाच्या खोक्याचे जास्त कौतुक वाटले.

आपल्याकडे अशा कामाला शब्द आहे तो 'मोड'. जुन्या पितळेची भांडी मोडीत घालून नवी घ्यायची. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या करायच्या. सराफाच्या दुकानात पाटल्या मुशीत जाताना पाहणाऱ्या बाईचा चेहरा मी लहानपणी एकदा पाहिला आहे, ती मान वळवून रस्त्याकडे बघत होती. पण सोने वितळते, आणि बांगडीला आपण पाटली होतो हे आठवण्याचे काही कारण उरत नाही. कोणी मला गोधडीची उपमा सुचवली. तीही इथे लागत नाही, कारण गोधडीत आईचे जुने लुगडे उघड दिसते, किंबहुना ते दिसावे म्हणूनच ती जपली जाते. सांगाड्याचे दोन्हीपेक्षा वेगळे आहे. तो वितळत नाही आणि दिसतही नाही. कंडक्टरच्या नडग्यांचे दांडे मी घरीच हेक्सॉने १२ मिलिमीटर कापले, कण्याला पुढे बाक दिला, छाती अरुंद केली, या वेळी लॅटेक्सऐवजी सिलिकॉनचे हात ओतले, आणि त्यावर नऊवारीचा कासोटा नीट बसावा म्हणून तीन वेळा उसवून पुन्हा शिवला. एक गंमत तेव्हाच लक्षात आली होती. कंडक्टर संपूर्ण चित्रपटात एकदाही बसला नव्हता. त्याच्या खुब्यांचे सांधे कोरे होते, पट्ट्यांवर कापल्याच्या मूळ रेघाही शाबूत होत्या, आणि आता त्याच खुब्यांवर एक म्हातारी एक पाय दुमडून आणि एक गुडघा उभा करून ऐसपैस बसली होती. उजव्या मनगटाकडे मात्र मी पाहिलेच नव्हते.

नाशिक फाट्यावरून घरी आल्यावर पाहिले. म्हातारीचा हात मनगटापाशी सोडवला, पट्ट्या उघडल्या आणि भिंगाखाली धरल्या. भोकाची कड एका जागी झिजून तिला नखाच्या टोकाएवढी खाच पडली होती. गोळी फिरता फिरता त्या खाचेपाशी आली की किंचित घसरत होती आणि मग अडत होती. मला फार आनंद झाला हे कबूल केले पाहिजे. पितळेने कंडक्टर लक्षात ठेवला, अशा अर्थाचे एक वाक्यही मी वहीत लिहून ठेवले.

ते वाक्य दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकले.

दुसऱ्या रात्री मला उगीचच फाळके आठवले. दादासाहेबांनी १९१२ साली वाटाण्याचे रोप उगवतानाची एक चित्रफीत केली होती. कुंडीसमोर कॅमेरा ठेवून त्यांनी एकेक फ्रेम घेतली आणि रोप पडद्यावर भराभर वाढले. पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, तिच्यात काडेपेटीतल्या काड्या हलतात. तंत्र पाहिले तर दोन्ही एकच आहे, एक फ्रेम घ्यायची आणि थांबायचे. परंतु रोपाला फाळक्यांनी हात लावला नव्हता, ते आपल्या आपण वाढत होते, आणि कॅमेरा नुसता पाहत होता. काडीला ना सांधा, ना पूर्वायुष्य. ती जर ऐटीत चालत असेल तर ती ऐट सगळीच्या सगळी बोटांची. माझी म्हातारी रोप आहे की काडी, हे तपासण्याचा सोपा मार्ग होता. मी कोरी तार पिळली, रात्रीतून एक उघडेबोडके माणूस वळले, त्याला ना कपडे, ना चेहरा, ना पितळ. त्याच्यापुढे तेच ताट ठेवले आणि तेच ११ सेकंद, म्हणजे १३२ छायाचित्रे, पुन्हा घेतली. सकाळी सहाच्या सुमारास ती सलग चालवून पाहिली. हात ताटावर येतो, तीन बारीक पावलांनी मनगट वळते, चौथे पाऊल अचानक मोठे पडते आणि हात थांबतो. टिक्. तारेच्या माणसाच्या हातातही पंच होता.

त्यानंतर मी जे केले ते न केले असते तर बरे झाले असते. जुन्या हार्ड डिस्कमधून कंडक्टरच्याही आधीचा, तारेच्या काळातला एक लहानसा चित्रपट शोधून काढला. त्यात एक कावळा आहे. तो खिडकीच्या गजावर बसून मान वळवतो. तीन बारीक पावले आणि मग एक मोठे. कावळ्याच्या मानेतही तेच. म्हणजे ज्या मनगटाचे लोकांनी कौतुक केले, जे मी महिनाभर एसटी स्टँडवर जुन्या कंडक्टरांना विचारून, त्यांच्याकडून रिकाम्या हाताने करवून घेऊन शिकले असे समजत होते, ते शिकण्याआधीच माझ्या अंगठ्यात होते. कंडक्टरला ते शोभले इतकेच. कावळ्याला बहुधा शोभले नसावे, पण कावळ्याकडे कोणी इतके बारीक पाहत नाही. 'किंग काँग'मध्ये त्या वानराच्या अंगावरची फर सारखी सळसळताना दिसते. ती वाऱ्याने हलत नाही. प्रत्येक फ्रेमला पात्र हलवणाऱ्याची बोटे तिच्यात रुतत होती, त्यांचे हे ठसे आहेत. ते दृश्य मी वर्गात शिकत असताना आम्ही सगळे हसलो होतो, आणि आपल्या पात्रांना फर लावायची नाही असा साळसूद धडा मी त्यातून घेतला होता. फर नव्हती म्हणून माझे ठसे कातडीवर राहिले नाहीत, ते आत गेले.

पट्ट्या घेऊन पुन्हा भोसरीला गेले. काकांनी त्या खिडकीच्या उजेडात धरल्या, बोटाने चाचपल्या आणि माझ्या पितळेच्या आठवणीवर पहिल्या वाक्यात पाणी ओतले. "सांधा घासला तर सगळीकडून घासतो ताई. ही खाच एकाच अंगाला आहे. तुम्ही दर वेळी इकडून दाबता." त्यांनी माझा उजवा हात पुढे करायला लावला, अंगठा आणि तर्जनीत एक दांडा धरायला दिला आणि फिरवायला सांगितला. मी फिरवला. शेवटी अंगठा निसटला. त्यांनी काही न बोलता आपला हात पुढे केला. करंगळीकडची दोन बोटे सरळ होत नव्हती, चकाची किल्ली धरून धरून ती तशीच वाकलेली राहिली होती. मग त्यांनी विचारले, "नव्या पट्ट्या स्टीलच्या करू? पुन्हा घासणार नाहीत." मी पुष्कळ वेळ उत्तर दिले नाही. स्टील हेच शहाणपणाचे होते. मी पितळ सांगितले, आणि का सांगितले ते तेव्हा मला नीट सांगता आले नसते. काकांनी विचारलेही नाही.

आता मी म्हातारीचा हात अंगठ्याने दाबत नाही, लाकडी काडीने ढकलते. दंतमंजनाच्या ब्रशची मूठ तासून केलेले एक हत्यारही आहे. दिवसाला होणारी छायाचित्रे निम्म्यावर आली आहेत आणि हालचाल गुळगुळीत झाली आहे, थोडी जास्तच. ताटात बोटे फिरतात, पांढरे तांदूळ (ते खरे तांदूळ नाहीत, मेणाचे कण आहेत, खरे तांदूळ दिव्याखाली सरकतात) एका बाजूला जमत जातात, आणि पाहणाऱ्याला झोप येईल असे सगळे शांतपणे चालते. माझी आई तांदूळ निवडताना मी मुद्दाम पाहत बसले. ती बराच वेळ अशीच गुळगुळीत असते. मग खडा सापडतो. खडा सापडला की तिचा हात ओळखीचा राहत नाही. तो खड्यावर येतो, क्षणभर अडतो आणि मनगटाच्या एका झटक्यात खडा ताटाबाहेर जातो, रागाने नव्हे, पण ठरवून.

तेवढ्यासाठी मी काडी खाली ठेवली. चौदाव्या सेकंदाला हातानेच मनगट धरले, तीन बारीक पावले घेतली आणि चौथ्याला अंगठा निसटू दिला. मोबाइलवर ते काकांना दाखवले तेव्हा त्यांनी या वेळी एकदाच पाहिले आणि परत दिले. खड्याच्या आवाजासाठी मी बरेच काही टाकून पाहिले, खरा खडा, तुरीचा दाणा, तुटलेल्या बटणाचा तुकडा, पण ताटाचा आवाज नुसता बदबद येत होता. शेवटी टेबलाच्या खणात कंडक्टरच्या पंचाशेजारी एक उरलेला छर्रा सापडला, राखेत न पुरलेला, कडकच राहिलेला. तो स्टीलच्या ताटात वीतभर उंचीवरून सोडला आणि तोच आवाज ठेवला.